सेल मारण्याआधी

आमची पिकअप अठरा वर्षांची आहे. डिझेलची, जुन्या पद्धतीच्या पंपाची. सेन्सर नाही, स्क्रीन नाही. शेत लासुर्ण्याच्या शिवारात, नीरा डाव्या कालव्याच्या भिजवणीत. नवरा बारामतीच्या एमआयडीसीत पाळीवर जातो, त्यामुळे गेली अकरा वर्षं गाडी माझ्याच हातात आहे. डाळिंबाचे क्रेट इंदापूरला, पेरू आणि भाजी बारामतीला, येताना खताची पोती. या अकरा वर्षांत ती जेव्हा जेव्हा अडली, तेव्हा जे कळत गेलं ते लिहून ठेवतेय. ज्या क्रमाने कळलं त्याच क्रमाने.

१. 'गाडी सुरू होत नाही' या वाक्यात काहीच सांगितलेलं नसतं, हे कळायला मला तीन वर्षं लागली. जंक्शन गावाच्या चौकात चहाला थांबले होते. परत येऊन किल्ली फिरवली, तर काही नाही. घाबरून वस्तादांना फोन लावला. वस्ताद म्हणजे त्या रस्त्याला गॅरेज असलेले आमचे फिटर. तरुणपणी कारखान्यात काम केलेले, आता सत्तरीला आलेले. त्यांनी एकच विचारलं, "ताई, काय म्हणते?" मला वाटलं, जमलेली माणसं काय म्हणतात ते विचारतायत. ते म्हणाले, "माणसं नव्हं, गाडी. किल्ली फिरवल्यावर गाडी काय म्हणते?" मला सांगता येईना. मी ऐकलंच नव्हतं. किल्ली फिरवली, सुरू झाली नाही, एवढंच डोक्यात राहिलं होतं.

त्या दिवशी त्यांनी फोनवर तीन जाती सांगितल्या. किल्ली फिरवली आणि एकदम गप्प: वीज पोचतच नाही. टकटक वाजतं पण इंजिन फिरत नाही: वीज येते पण जोर नाही, नाहीतर स्टार्टर अडकलाय. इंजिन खडखडीत फिरतं पण घेत नाही: बॅटरी-स्टार्टरकडे बघूच नको, डिझेल, हवा नाहीतर काँप्रेशन बघ. तेव्हापासून कितीही घाई असली तरी पहिला सेल मी फक्त ऐकण्यासाठी मारते. काच खाली, रेडिओ बंद, शेजारच्याला गप्प बसवून.

२. बिघाड जिथे दिसतो तिथे तो असेलच असं नाही. हा धडा मला एका नव्या बॅटरीच्या किमतीला पडला. मृग बहाराची डाळिंबं, पहाटे साडेतीनची वेळ, गाडीत क्रेट भरलेले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, टॉर्च धरून उभ्या होत्या. सेल मारला की टक, टक, टक आणि डॅशबोर्डचे दिवे मंद. बॅटरी बसली, असं मी लगेच ठरवून टाकलं. शेजारच्यांच्या गाडीवरून वायर जोडून कशीबशी निघाले, माल पोचवला आणि त्याच दिवशी नवी बॅटरी घातली. आठवडाभराने पुन्हा टक, टक, टक. दुकानदाराने गळ्यात खराब माल मारला म्हणून मी त्याला बोलूनसुद्धा आले. ते बोलणं मला अजून टोचतं.

वस्तादांनी येऊन मीटर लावला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. १२.२च्या आसपास असती तर अर्धी म्हटली असती. सेल मारताना पुन्हा बघितलं, तर बॅटरीवर अकराच्या वर दाब टिकून. म्हणजे बॅटरी द्यायला तयार होती, घेणाऱ्यापर्यंत पोचत नव्हतं. मग त्यांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर टेकवलं, दुसरं इंजिनच्या अंगावर, आणि मला सेल मारायला सांगितलं. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. आमच्याकडे अडीच दिसले. बॅटरीपासून इंजिनपर्यंतची अर्थची पट्टी वरून धड दिसत होती; बोल्ट सोडला तर खाली हिरवी-पांढरी बुरशी. चिखल, कालव्याचं पाणी आणि वर्षानुवर्षांची खताची धूळ. काचपेपरने घासलं, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. खर्च काहीच नाही.

वीज जाते तशी परतही यावी लागते. जाणाऱ्या लाल वायरीकडे आपण दहा वेळा बघतो. परतीची वाट कुणी बघत नाही. मी दुकानदाराकडे जाऊन चूक कबूल केली. तो चांगला माणूस. त्याने चहा पाजला आणि जुनी बॅटरी ट्रॅक्टरला चालेल म्हणाला. ती अजून चालतेय.

३. डिझेलच्या इंजिनाचं खरं बोलणं धुरात असतं, आणि ही भाषा मी लहानपणीच ऐकली होती, फक्त विसरले होते. माझं माहेर निमगाव केतकीचं, पानमळ्याचं. विहिरीवर ऑइल इंजिन. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली पुण्यात उभी राहिली. पुढे आमच्यासारख्या किती घरांत पहिलं यंत्र हेच आलं, रेडिओच्याही आधी. दादा, म्हणजे माझे वडील, हँडल मारायचे आणि मी काँप्रेशनची खिट्टी धरायची. चाक वेगात आलं की दादा ओरडायचे, "सोड!" मी खिट्टी पाडायची. दादांचे डोळे कधीच चाकावर नसायचे, नळीच्या तोंडावर असायचे. फक्क करून धूर निघाला की म्हणायचे, "आली." धूर नाही निघाला तर हँडल ठेवून आधी डिझेलच्या नळीकडे जायचे. ते असं का करतात, हे मी कधी विचारलं नाही.

कारण साधं आहे. या इंजिनाला ठिणगी नसते. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं ना, तसंच इथे हवा दाबून दाबून मूळच्या अठराव्या-विसाव्या हिश्श्यावर आणली जाते आणि ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्यात डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली हे इंजिन चालवून दाखवलं, आणि आमच्या पिकअपच्या पोटात आजही तेच चालतं. म्हणून सेल मारताना मागे एक माणूस उभा करायचा. नळीतून अजिबात धूर नाही, तर डिझेल पोचतच नाही. पांढरा धूर येतोय पण इंजिन घेत नाही, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. मग थंडी, हीटर प्लग नाहीतर काँप्रेशन. या एका खुणेने निम्मा शोध संपतो. दादा गेल्यावर किती वर्षांनी मला त्यांच्या त्या नजरेचा अर्थ लागला. आणखी काय काय ते जाणत होते आणि मी विचारलं नाही, हा विचार गाडीच्या मागे उभी राहिले की हटकून येतो.

४. आपण नुकतंच चांगलं काम केलंय, या समाधानात मोठा धोका असतो. एका वर्षी तुकोबारायांची पालखी सणसरला मुक्कामाला होती. दुसऱ्या दिवशी बेलवाडीला गोल रिंगण. दरवर्षी आम्ही वाड्या-वस्त्यांवरच्या बायका भाकरी, पिठलं आणि पाण्याचे जार घेऊन जातो. गाडी दगा देऊ नये म्हणून मी आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हाताने डिझेल फिल्टर बदलला. सकाळी पहिल्या सेलला सुरू झाली. मी आत्याबाईंना म्हटलंसुद्धा, "बघा, फिल्टरचा फरक." दोन किलोमीटरवर वळणावर तिने दोन गचके खाल्ले आणि बंद पडली.

मग सेलवर सेल. इंजिन फिरतंय, घेत नाही. मागे धूर नाही. एवढं मला आता कळत होतं: डिझेल येत नाही. पण टाकी अर्धी भरलेली, फिल्टर कोरा करकरीत, मग अडलंय कुठे? रस्त्यावरून दिंड्या चाललेल्या, टाळ-मृदंग, उन्हाचा तडाखा, आणि आमचं पाणी गाडीतच. एक म्हातारे वारकरी दिंडीतून बाजूला आले. धोतर, डोक्याला मुंडासं, गळ्यात वीणा नाही की टाळ नाही, खांद्यावर फक्त पडशी. म्हणाले, "माउली, फिल्टर बदलला का काल-परवा?" मी थक्क झाले. "हवा धरलीय. पाना द्या."

ते बीडकडचे होते आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवलेले. त्यांनी फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि मला फीड पंपाचं बटण दाबत राहायला सांगितलं. आधी नुसती फसफस, मग साबणाच्या फेसासारखं डिझेल, मग धार. बुडबुडा उरला नाही तेव्हा बटण दाबलेलं असतानाच स्क्रू आवळला. मग नोझलच्या टोकांचे नट एक-एक आटा सैल केले, हात लांब ठेवून, कारण त्या धारेचा दाब चामडी फोडून आत जाऊ शकतो. आत्याबाईंना सेल मारायला बसवलं; आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी किल्ली फिरवली. नटांतून डिझेल थुंकायला लागलं तसे ते एक-एक आवळत गेले. तिसरा आवळला आणि गाडी थरथरत उठली.

नव्या फिल्टरच्या वाटीत मी डिझेल भरलंच नव्हतं. ती रिकामी वाटी हवेने भरलेली होती. नळीत उरलेल्या डिझेलवर गाडी दोन किलोमीटर गेली आणि मग हवा पंपात शिरली. डिझेल दाबलं तर दाब पुढे जातो. हवा दाबली तर ती नुसती आकसते. नोझल उघडायला दोनशे बारच्या आसपास दाब लागतो, टायरातल्या हवेच्या पन्नास-साठ पट. एवढासा बुडबुडा मध्ये आला की तो दाब तयारच होत नाही.

त्यांनी आमच्याच जारमधलं पाणी घेऊन हात धुतले, एक भाकरी पडशीत घातली. मी पायांना हात लावायला वाकले तर त्यांनीच आधी माझ्या पायांना हात लावला, वारीत करतात तसा. नाव विचारायचं राहिलं. मला वाटत होतं, वारकऱ्यांची सेवा करायला निघालोय आपण.

५. त्या दिवसापासून गाडीत एक वही आहे. तारीख, काय केलं, कुणाचा हात लागला. गाडी अडली की पहिला प्रश्न 'काय बिघडलं' हा विचारायचा नाही. 'शेवटी काय बदललं' हा विचारायचा. डिझेल कुठून भरलं, गाडी कुणी धुतली, रात्री उतारावर लावली की चढावर. वहीची पानं चाळताना लक्षात येतं की निम्म्याहून जास्त वेळा उत्तर आधीच्या दोन ओळींत लिहिलेलं असतं, बऱ्याचदा माझ्याच अक्षरात.

६. स्वस्तातली शंका आधी तपासावी. मी उलटं करत आले होते, कारण महागडी शंका जास्त खरी वाटते. साखर कारखाने सुरू झाले, तोडणीच्या टोळ्या आल्या, आमच्या बांधाशेजारचा ऊस तुटला. चौथ्या दिवशी गाडी फिरते पण घेत नाही. धूर नाही. हवा काढली, डिझेल पंपापर्यंत स्वच्छ येतंय, पुढे नाही. पंप गेला, असं आम्ही दोघा नवरा-बायकोंनी ठरवलं. पंप उतरवून दुरुस्तीला बारामतीला न्यायचा, हजारांचा हिशोब, पैसे कुठून काढायचे याची बोलणी रात्री अकरापर्यंत.

सकाळी वस्ताद आले. पंपाच्या अंगावर एक बोटभर लांबीचं सोलेनॉइड असतं. किल्ली चालू असताना त्याला वीज मिळाली तरच ते आत डिझेल सोडतं. गाडी बंद करायची सोय तीच. त्यांनी वायरचा एक तुकडा घेऊन बॅटरीच्या धन खांबावरून थेट त्याला टेकवला. 'टक्' असा आवाज आला. ते तसेच धरून मला म्हणाले, "मारा सेल." गाडी सुरू.

वायर उंदरांनी खाल्ली होती. ऊस तुटला की रानातला उंदीर घर शोधतो, आणि उबदार इंजिनापेक्षा बरं घर त्याला कुठलं मिळणार. हे मी लहानपणापासून बघत आलेय. कणगीत, गोठ्यात, देव्हाऱ्यामागे. गाडीही त्याच शिवारात उभी असते हे मात्र डोक्यात आलं नाही. आता तोडणीच्या दिवसांत रात्री बॉनेट उघडं ठेवते आणि सकाळी किल्लीच्या आधी टॉर्च मारते.

७. मदतीला धावलेली माणसं आणि योग्य उपाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी अडली की आमच्याकडे दहा माणसं जमतात आणि त्यांतली आठ ढकलायला लागतात. त्यांच्या मनाचं मला मोल आहे. पण ढकलून फायदा होतो तो बॅटरी किंवा स्टार्टर अडलेला असताना. डिझेलच पोचत नसेल तर बारामतीपर्यंत ढकला, काही होणार नाही. हवेच्या वाटेशी पेटता बोळा धरायचा सल्लाही कुणीतरी देतोच. एकदा मी तो ऐकला. एअर क्लीनरची नळी वितळली आणि माझ्या पुतण्याचा हात थोडक्यात वाचला. त्यानंतर मी कुणाचं मन राखायचं म्हणून हो म्हणत नाही. दहा-पंधरा सेकंदांच्या वर सेल मारायचा नाही, मध्ये मिनिट-दोन मिनिटं थांबायचं, स्टार्टर हाताला चटका देत असेल तर अजून थांबायचं. सगळे बघत असताना थांबणं अवघड असतं.

८. पुतण्याने आता नवी पिकअप घेतलीय. १ एप्रिल २०२०ला प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला, तेव्हापासूनच्या गाड्यांना सेन्सर, संगणक, कॉमन रेल. त्या अडल्या की स्कॅनर लावतात आणि तो आकडा सांगतो. मला त्याचा हेवाही वाटतो आणि काळजीही. गेल्या पावसाळ्यात त्याच्या गाडीचा स्कॅनर चार-पाच वेगवेगळ्या भागांचे दोष दाखवत होता. दोन दिवस गेले. वस्तादांच्या मुलाने शेवटी मीटर घेतला आणि अर्थच्या पट्टीवर टेकवला. मी तिथेच उभी होते. काही बोलले नाही, पण काचपेपर आणून दिला.

आमच्या भागाला यंत्रं नवी नाहीत. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणाऱ्या वालचंद हिराचंद यांच्या नावाचं गाव जंक्शनवरून वळलं की लागतं, आणि तिथल्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांची कवचंसुद्धा घडलीत. बारामतीच्या एमआयडीसीत तीनचाकी गाड्या बनतात. तरी रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये जे ज्ञान आहे, त्याला प्रमाणपत्र नाही आणि ते कुठे लिहिलेलंही नाही. वस्तादांची नजर आता कमी झालीय. मी त्यांच्याकडे बसून विचारते आणि वहीत उतरवून घेते. दादांच्या वेळी केलेली चूक पुन्हा करायची नाही.

९. काही दोष लगेच सापडत नाहीत, आणि न सापडलेल्या दोषासोबत गाडी चालवावी लागते. दिवाळीपासून ही एक नवी तऱ्हा सुरू आहे. दिवसभर पहिल्या सेलला उठते. रात्रभर उभी राहिली की पहाटे तीन-चार सेल. आधी धूर नाही, मग थोडा पांढरा, मग एकदम घेते. मला काँप्रेशनची भीती वाटली. अठरा वर्षांचं इंजिन, रिंगा झिजल्या असतील. वस्तादांनी गाडी चालू असताना ऑइलचं झाकण काढून वर तळवा धरायला लावला. वाफेचे हबके मारत नव्हते. "रिंगा गेल्या असत्या तर आधी धूरच नाही असं झालं नसतं, डिझेल तर गेलंच असतं," ते म्हणाले. बरोबर आहे. धूर उशिरा येतोय म्हणजे डिझेल उशिरा पोचतंय. रात्रीतून ते नळीतून मागे टाकीकडे उतरत असणार. कुठेतरी केसाएवढी फट आहे, जिथून डिझेल गळत नाही पण हवा आत शिरते.

हीटर प्लग तपासले, चारही लाल होतात. टाकीपासूनच्या जोडांचे क्लिप बदलले. फरक नाही. काल संध्याकाळी फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी टाकलीय आणि गाडी मुद्दाम कालव्याच्या भरावावर, तोंड वर करून लावलीय. आत्ता रात्रीचे दहा वाजलेत. टॉर्च मारून बघून आले. नळी काठोकाठ भरलेली आहे, बुडबुडा नाही. पहाटे साडेतीनला क्रेट भरायला उठायचंच आहे, तेव्हा किल्लीला हात लावायच्या आधी पुन्हा बघेन. आत्याबाई म्हणाल्यात, सेल मी मारीन, तू मागं धूर बघ.